सातव्या भुताला जागा नाही

त्याला सगळे भिंगरी म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते कागदापुरतं. अंगाने काटकुळा, मान लांब, आणि दोन्ही पाय असे की एक टेकला की दुसऱ्याला राग यायचा. जेवायला बसला तर पहिला घास खिडकीशी, दुसरा दाराशी आणि तिसरा कुठे गेला ते त्यालाही सांगता यायचं नाही. बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावून मोकळा व्हायचा.

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. सकाळी सातापासून दंडाला रबर बांध, शीर शोध, सुई घाल. रडकी पोरं, थरथरती म्हातारी माणसं, सुई बघून घेरी येणारे पैलवान, कुणाचीही शीर तिला पहिल्या फटक्यात सापडायची. नवऱ्याची सापडली नाही. तीनदा टोचून तिने सुई फेकून दिली.

"तुमचं रक्तसुद्धा एका जागी उभं राहत नाही हो," ती म्हणाली. "कुठे पळतंय एवढं?"

नोकऱ्या त्याने पुष्कळ केल्या आणि तितक्याच घालवल्या. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक एका ठाणाला हात लावेपर्यंत याने सगळं कपाट खाली आणलेलं असायचं. गेटवर राखणीला ठेवला, तर गेट जागच्या जागी राहिलं आणि हा चौकात सापडला. तिकिटाच्या खिडकीमागे बसवला, तर लोक खिडकीत हात घालून उभे आणि हा बाहेर जाऊन रांग कुठवर गेली ते बघतोय. हाकलताना कुणी शिव्या मात्र दिल्या नाहीत. माणूस चांगला, हातात काठी द्यावी तर काठीलाही पळायला लावेल असा कामाचा. फक्त बूड टेकत नाही.

मग त्याला हे काम मिळालं आणि घरच्यांना वाटलं, देवाने हे काम याच्याच मापाने बेतलं.

एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर व्हिडिओ गेम बनवणारी एक छोटी मंडळी होती. ते एका झपाटलेल्या घराचा खेळ बनवत होते. भीतीचा नाही, गमतीचा. त्यात वायरिंगवाला असतो. मोठ्या जुन्या घरातले गेलेले दिवे लावायला तो येतो, आणि घरात सात भुतं असतात. कुणी कुणाला मारत नाही. न्हाव्याचं भूत मागून येऊन अर्धी मिशी उडवतं. मास्तरांचं भूत पाढे विचारतं. जुळ्या बहिणींची दोन भुतं एकमेकींच्या चहाड्या सांगतात. एक भूत नुसतं शिंकतं आणि लावलेला दिवा विझवतं. एक चप्पल पळवतं. आणि सातवी स्वयंपाकीण, जाडजूड, हातात पळी, तिच्या तावडीत सापडलं की खायला घालून घालून वायरिंगवाल्याला दारातून जाता येईनासं करते.

भिंगरीचं काम हा खेळ तपासण्याचं. म्हणजे दिवसभर त्या घरातून धावायचं. प्रत्येक भिंतीला धडकायचं, प्रत्येक कपाट उघडायचं, टेबलावर उडी मारायची, जिन्यावरून खाली पडून बघायचं, दाराच्या फटीत अडकतो का ते बघायचं. जिथे कुणी शहाणा माणूस पाय घालणार नाही तिथे घालायचा. भिंगरी हे सगळं खुर्चीमागे उभा राहून, रिमोट हातात घेऊन, येरझाऱ्या घालत करायचा. एकदा तो माडीवरच्या भिंतीतून आरपार गेला आणि वायरिंगवाला आभाळात पडत राहिला. सगळ्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या चुळबुळीला कुणी टाळ्या वाजवल्या होत्या. इथे तो टिकला, आणि बायकोने लॅबमध्ये ते सांगितलंसुद्धा.

आणि मग दिवाणखाना अडकायला लागला.

खेळ बाहेर काढायच्या आधी ओळखीपाळखीच्या काही लोकांना घरी खेळून बघायला दिला होता. त्यांच्याकडून एकच तक्रार यायला लागली. दिवाणखान्यात चित्र थिजतं, काही हलत नाही, सगळं बंद करून परत लावावं लागतं. नेमकं काय केल्यावर, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. "खेळत होतो आणि थिजलं," एवढंच.

मालकीणबाई म्हणजे त्या मंडळींची मुख्य. बारीक चणीची, केस पेन्सिलीने वर खोचलेले, आवाज मात्र हौद घुमावा तसा. तिने भिंगरीला बोलावलं.

"गुरुवारी मोठ्या कंपनीचे लोक खेळ बघायला येताहेत. त्यांनी घेतला तर आपण आहोत, नाही तर हा मजला रिकामा. त्यांच्यासमोर दिवाणखाना थिजला तर मी कुठे तोंड लपवू?"

"बाई, मी त्या दिवाणखान्याची वीट न् वीट ठोकलीय."

"मग खोट कुठाय?"

"सापडत नाही."

"भिंगरी, स्पष्ट सांगते. तुझ्या हातून खोट सापडत नसेल तर मला दुसरा तपासनीस बघावा लागेल. गुरुवारच्या आत आणून दे."

भिंगरी बाहेर आला. ही नोकरी गेली तर पुढची कुठली? रांगेमागे धावायला कोण पगार देतो? त्याने दिवाणखान्याला जे झोडपलं म्हणता, पडदे ओढले, झुंबराला लोंबकळला, गालिच्याखाली शिरला, न्हाव्याच्या भुताला जिन्यावरून ढकललं. घर मख्खासारखं नीट चालत राहिलं. कोड लिहिणारी पोरगी होती, तिला सगळे चश्मिस म्हणायचे. ती म्हणाली, "भिंगरीदादा, तुम्ही घराला चक्कर आणाल." पण तिच्याही हाती काही लागलं नाही.

सुट्टीच्या दिवशी त्याने खेळाचं मशीन घरी आणलं. घरी बाहेरच्या खोलीत सोफा होता आणि सोफ्यावर बायकोचा धाकटा भाऊ. भिंगरी त्याला ओंडका म्हणायचा, तोंडावरच. पावसात भिजलेल्या ओंडक्यासारखा जड, ढिम्म आणि थंड गडी. नोकरी शोधायला म्हणून बहिणीकडे आला होता. नोकरीने येऊन आपल्याला शोधावं, अशा बेताने सोफ्यावर पडलेला. त्याच्या अंगावर माशी बसली तर माशीच कंटाळून उठायची. भिंगरीला तो डोळ्यांसमोर नको व्हायचा. त्याला बघूनच याच्या पोटऱ्यांना कळा यायच्या.

"पाय घे जरा," भिंगरी म्हणाला. "वायर जाऊ दे."

"दाजी, वरून टाका ना," ओंडका म्हणाला. पाय हलले नाहीत.

भिंगरी तासभर त्या दिवाणखान्यातून उंडारला. शेवटी घामाघूम झाला. डोकं भणभणायला लागलं. खाली जाऊन रस्त्याच्या टोकापर्यंत एक चक्कर मारल्याशिवाय आता जमणार नव्हतं. पण रिमोट खाली ठेवायची पंचाईत होती. हातातून रिमोट सुटला की खेळ आपोआप थांबायचा आणि पडद्यावर पाटी यायची. लोकांची सोय म्हणून चश्मिसने तसं केलं होतं. आणि थांबलेला खेळ बघितला की भिंगरीला कसंसंच व्हायचं. त्याने रिमोट ओंडक्याच्या पोटावर टाकला.

"धर. काही करू नको, नुसता धर."

तेवढं एकच काम ओंडक्याला जन्मापासून येत होतं.

भिंगरी चक्कर मारून परत आला तेव्हा बायको दारातच उभी होती, हातात ओला टॉवेल.

"अहो, तुमची भुतं मेली बहुतेक," ती म्हणाली. "कधीपासून हलत नाहीत."

भिंगरीने पडद्याकडे बघितलं. दिवाणखान्यात सगळी भुतं जमलेली. कुणी सोफ्यावर, कुणी स्टुलावर, मास्तर आरामखुर्चीत, सगळी एकटक वायरिंगवाल्याकडे बघत बसलेली. फक्त स्वयंपाकीण उभी, एक पाय उचललेला, पळी हवेत. सगळं थिजलेलं. झुंबराची ज्योतसुद्धा.

"काय केलंस?" भिंगरी ओरडला.

"काही नाही," ओंडका म्हणाला.

"काही नाही म्हणजे काय केलंस?"

"दाजी, काही नाही म्हणजे काही नाही. तुम्हीच म्हणालात ना."

आनंदाने भिंगरीच्या हाताला इतका चेव चढला की त्याने रिमोटवरची सगळी बटणं दाबली, मशीनवर चापटी मारली आणि वायर ओढली. चित्र गेलं. मग त्याला कळलं की फोनवर फोटो काढायला हवा होता. त्याने कपाळ बडवलं.

पण आता एवढं उमगलं होतं. खेळात एक गंमत ठेवली होती, मालकीणबाईच्या डोक्यातली. खेळणारा कुठे गप्प उभा राहिला की घरातली भुतं एकेक करून येतात, जागा धरून बसतात आणि 'हा असा का थांबलाय' म्हणून त्याच्याकडे टक लावून बघतात. ही गंमतही भिंगरीनेच तपासली होती. म्हणजे एक भूत आलं, दुसरं आलं, बसलं, बरं चाललंय म्हणून हा पुढे पळाला. सातवं येऊन बसेपर्यंत चहा गार होईल एवढा वेळ लागायचा. तेवढा वेळ तो त्या घरात, किंवा कुठल्याच घरात, थांबला नव्हता.

त्याने स्वतः करून बघितलं. रिमोट धरला, श्वास रोखला. न्हावी आला. मास्तर आले. जुळ्यांपैकी एक आली आणि याचा अंगठा वळवळला. वायरिंगवाला दोन पावलं सरकला, भुतं पांगली. परत धरला. या वेळी नाक खाजलं. बायको म्हणाली, "मी हात धरून ठेवू का?" तिने धरले, तर पाय नाचायला लागले आणि त्या नाचाने हात हलला. ती हसून हसून खाली बसली. ओंडका सोफ्यावरून म्हणाला, "दाजी, तुम्ही फार मन लावून थांबता. तसं नाही थांबायचं."

"मग कसं?"

"मन काढून."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं तर मालकीणबाई म्हणाल्या, "दाखव." घरच्या मशीनवर नुसतं थिजलेलं दिसलं असतं. आतून काय बिघडतंय ते बघायचं तर ऑफिसच्या मशीनवर, चश्मिसच्या डोळ्यांदेखत थिजायला हवं होतं. चश्मिसने स्वतः रिमोट धरला. पण तिची बोटं वर्षानुवर्षं खेळ खेळून वळणाला लागलेली, समोर पडदा असला की आपोआप चालायची. तीन भुतांपलीकडे तिचीही मजल गेली नाही. मालकीणबाईंनी धरला, तर फोन वाजला. चित्रं काढणाऱ्याने धरला, तर त्याला न्हाव्याच्या भुताची कात्री वाकडी दिसली आणि तो तिथेच ती जवळून बघायला गेला. त्या अख्ख्या ऑफिसात गप्प थांबता येणारा एक माणूस नव्हता. खेळणारी माणसंच ती. म्हणून ही खोट आजवर त्यांच्यात कुणाला दिसली नव्हती.

"आहे एक जण," भिंगरी शेवटी म्हणाला. हे शब्द तोंडातून काढताना त्याला दाढ काढल्यासारखं झालं. "माझा मेहुणा."

ओंडक्याला सोफ्यावरून उठवणं हे भुतं पकडण्यापेक्षा अवघड निघालं. "उद्या जाऊ," तो म्हणाला. शेवटी बहीण लॅबमधून आली आणि तिने हातातली सुई दाखवली. मग उठला. रस्त्याने भिंगरी पुढे पळायचा, मागे वळून बघायचा, परत मागे यायचा. एकाच वाटेवर भिंगरी दोनदा चालला असेल आणि ओंडका अर्धा.

ऑफिसात सगळे मशीनभोवती गोळा झाले. ओंडक्याला मधल्या खुर्चीत बसवलं, रिमोट हातात दिला.

"काही करू नको हां," मालकीणबाई म्हणाल्या.

आणि आक्रीत झालं. इतकी माणसं आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर ओंडक्याच्या कपाळावर घाम आला. त्याने पाय बदलला. खाकरला. मान खाजवली. दोन भुतं आली आणि पांगली. एक आलं, पांगलं.

"दाजी," तो रडकुंडीला आला, "हे लोक माझ्याकडून काहीतरी होण्याची वाट बघताहेत. मला असं जमत नाही."

मालकीणबाईंनी भिंगरीकडे बघितलं. ते बघणं काय होतं ते भिंगरीला कळलं. उद्या गुरुवार होता.

त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. अक्षरशः दंड धरून, मालकीणबाईंनासुद्धा. पडदा ओढला, दिवा मालवला. दुसरी खुर्ची ओढून ओंडक्याच्या पायांखाली दिली. आपला कोट गुंडाळून मानेमागे कोंबला.

"ऐक," तो म्हणाला. "कुणी वाट बघत नाही. खेळ गेला खड्ड्यात. तू झोप. मी घरी उठवायला येतो तसा येईन."

"नक्की ना? की मध्येच येऊन हलवाल?"

"आईशप्पथ."

"रिमोट?"

"हातात राहू दे. राहिला तर राहिला."

तो बाहेर आला. चश्मिस बाहेरच्या टेबलाशी बसली होती. आतल्या मशीनचं चित्र तिथेही दिसत होतं. सगळे तिच्यामागे उभे, चिडीचूप. भिंगरी मात्र गॅलरीत टोकापासून टोकापर्यंत चालत होता. आतून घोरणं ऐकू आलं. न्हावी आला, बसला. मास्तर. जुळ्या दोघी. शिंकणारं. चप्पलचोर. मग दारातून स्वयंपाकीण आली. पळी हलवत सोफ्यापाशी गेली, जागा नाही. स्टुलापाशी गेली, जागा नाही. आरामखुर्चीत मास्तर. परत सोफ्यापाशी. तिने एक पाय उचलला आणि घर थिजलं.

"सापडलं!" चश्मिस किंचाळली. "जागा नाही! हिला बसायला जागाच नाही. मशीन बिचारं शोधतंय, शोधतंय, सापडेपर्यंत दुसरं काही करणारच नाही." मग ती थांबली. "पण जागा सात होत्या. दाराजवळ वेताची खुर्ची होती ना? ती कुणी काढायला लावली?"

चित्रं काढणारा छताकडे बघायला लागला. भिंगरी चालायचा थांबला. ती त्यानेच काढायला लावली होती. 'धावताना पायात येते, काढा,' असं म्हणून मागे लागून लागून.

"मीच," तो म्हणाला.

मालकीणबाईंनी केसांतली पेन्सिल काढली आणि परत खोचली. "मग ठेव ती परत," त्या चश्मिसला म्हणाल्या.

"आता दार त्या बाजूला उघडतं बाई, आणि दुसरीकडे कुठे खुर्ची मावत नाही. खुर्ची ठेवली तर दार उघडणार नाही, दार हलवायचं तर जिना हलवायचा. उद्यापर्यंत नाही होणार."

"म्हणजे गेलं सगळं."

भिंगरी परत चालायला लागला होता. इकडून तिकडे, तिकडून इकडे, मध्येच खिडकीची कडी लावून बघ, मध्येच कुणाचं वाकडं पडलेलं कॅलेंडर सरळ कर. चश्मिस त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं.

"बाई, हिला बसवायचंच कशाला? या माणसाला आपण आजवर कधी बसवलंय का? ऑफिस बंद पडलं का?"

त्या संध्याकाळी तिने स्वयंपाकिणीला फिरायला लावलं. सहा भुतं बसलेली आणि ही मधून येरझाऱ्या घालतेय. चालता चालता मास्तरांची टोपी सरळ करते, पडदा ओढते, परत उघडते, शिंकणाऱ्याचं नाक पुसते, खिडकीतून डोकावते, परत येते. भिंगरीने ते बघितलं आणि म्हणाला, "बाई जरा घाईतली वाटते." ऑफिसातले लोक टेबलं बडवून हसले. 'हे का हसले' म्हणून तो सगळ्यांकडे बघत राहिला.

ओंडका जागा होऊन दारात आला. "झालं का?" त्याने विचारलं. "मी काही केलं नाही हां."

गुरुवारी मोठ्या कंपनीचे लोक आले. मालकीणबाईंनी भिंगरीला दारातच अडवलं.

"तू आत नको. तुला बघून मलाही बसवत नाही. झालं की फोन करते."

"बाई, माझ्या नोकरीचं?"

"फोन करते म्हटलं ना."

तो खाली उतरला. इमारतीसमोर दोन चकरा मारल्या, मग कोपऱ्यापर्यंत गेला. फोन वाजला नाही. कोपऱ्यावरून पुलापर्यंत, पुलावरून पलीकडे. बायकोचा फोन आला, "काय झालं?" "काही नाही अजून." "उभे आहात का कुठे?" "नाही." "बरं." तो चालत राहिला. छत्र्या दुरुस्त करणाऱ्यांची गल्ली लागली, नुसत्या काड्या आणि कापड. मग एक शाळा सुटली आणि पोरांच्या लोंढ्यातून तो वाट काढत गेला. खिशातला फोन गरम झाला होता, इतका घट्ट धरला होता त्याने. मालकीणबाई आत्ता काय सांगत असतील, वायरिंगवाला आत्ता कुठल्या खोलीत असेल, कुणी थांबलं असेल का, मोठ्या कंपनीच्या माणसाला मध्येच शिंक आली असेल तर! पाय आपोआप भरभर पडायला लागले.

फोन वाजला तेव्हा तो एका लांबलचक भिंतीच्या कडेने चालला होता.

"भिंगरी!" हौद घुमला. "घेतला! त्यांच्यातला म्हातारा तीनदा मुद्दाम थांबला, त्या बाईला बघायला. पुढच्या खेळात तिला मोठं काम द्या म्हणतोय. ऐकतोयस ना?"

"बाई, माझी नोकरी?"

"अरे, दिवाणखान्यात सोडलेल्या चुकीबद्दल तुला मी उद्या सावकाश शिव्या घालणार आहे. म्हणजे उद्या ये. आणि तुझ्या मेहुण्यालाही आठवड्यातून दोन दिवस झोपायला घेऊन ये. आत्ता वर ये, सगळे थांबलेत. आहेस कुठे?"

भिंगरीने आजूबाजूला बघितलं. भिंत, भिंतीपलीकडे गिरणीची चिमणी, रस्त्याच्या कडेला एक माणूस सायकलची चेन बसवतोय. यातलं काहीच त्याने कधी बघितलं नव्हतं.

"येतो बाई," तो म्हणाला. "कुठून यायचं ते विचारतो आणि येतो."

सायकलवाल्याने हात लांब करून वाट सांगितली. बरीच लांब होती. सांगून होईपर्यंत भिंगरी पहिल्या वळणाला लागलासुद्धा होता, आणि सायकलवाला मागून ओरडत होता, "अहो डावीकडे नाही! उजवीकडे!"